नंदुरबार, गोवा आणि राज्यसभेतील एक जागा : एक प्रकरण अभ्यास

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार आहे, तर गोवा राज्याची १४ लाख ५९ हजार. गोव्याचा राज्यसभेत एक सदस्य असतो. नंदुरबारचा वाटा महाराष्ट्राच्या १९ सदस्यांमध्ये कोठेतरी आहे असे मानायचे. पण त्या १९ पैकी आपले कोण, असे शहाद्यात किंवा नवापुरात कोणाला विचारले, तर समोरचा माणूस लोकसभेच्या खासदाराचे नाव सांगून मोकळा होतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये राज्यघटनेची चौथी अनुसूची वाचताना विद्यार्थी हा प्रश्न हमखास काढतात. "सर, गोवापेक्षा आमी जास्त, मग आमना वाटाले काय उनं?" (आमच्या वाट्याला काय आले?) हा त्यांचा सवाल उद्धट नाही, आणि त्याचे उत्तर "ते राज्य आहे, आपण जिल्हा आहोत" एवढ्या एका वाक्यात संपतही नाही. त्या उत्तराच्या पोटात दोन वेगवेगळ्या विषमता आहेत. त्यांतील एकीची, म्हणजे राज्याराज्यांमधील विषमतेची, चर्चा नेहमी होते. दुसरीची, म्हणजे राज्याच्या आतील विभागांमधल्या विषमतेची, जवळजवळ होत नाही. प्रस्तुत प्रकरण खान्देशातील जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरते मर्यादित आहे. मालेगाव-बागलाणचा पट्टा बोलीने आणि व्यवहाराने खान्देशाशी जोडलेला असला, तरी हिशेबाच्या सोयीसाठी तो येथे बाजूला ठेवला आहे.

प्रथम राज्याराज्यांमधील वाटप पाहू. राज्यसभेत कोणत्या राज्याला किती जागा द्यायच्या, हे चौथ्या अनुसूचीत लिहिलेले आहे. पहिल्या ५० लाख लोकसंख्येपर्यंत दर १० लाखांमागे एक जागा, त्यापुढे दर २० लाखांमागे एक जागा, आणि शेवटी उरलेला भाग १० लाखांहून अधिक असेल तर त्यालाही एक जागा, असे त्यामागचे सूत्र होते. लहान राज्याला थोडे झुकते माप द्यायचे, पण अमेरिकेच्या सिनेटप्रमाणे सर्वांना एकाच रांगेत उभे करायचे नाही, असा हा मधला मार्ग होता. अमेरिकेत २०२० च्या गणनेनुसार पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगचे दोन सिनेटर आणि ३ कोटी ९५ लाख वस्तीच्या कॅलिफोर्नियाचेही दोनच. म्हणजे एका मतदाराच्या वजनात ६८ पटींहून अधिक फरक. तेथील संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने ही समानता संबंधित राज्याच्या संमतीशिवाय हिरावून घेता येत नाही, त्यामुळे तो प्रश्न जवळपास कुलूपबंद आहे. आपल्याकडे ही तफावत त्यामानाने सौम्य आहे. सिक्कीमच्या ६ लाख ११ हजार लोकांमागे एक सदस्य आहे, महाराष्ट्रात ५९ लाखांमागे एक आणि राजस्थानात साडेअडुसष्ट लाखांमागे एक. सिक्कीम आणि राजस्थान यांत सुमारे ११ पटींचे अंतर पडते. सर्वांत मोठा अन्याय महाराष्ट्रावर झाला आहे अशी समजूत आपल्याकडे सहज होते. प्रत्यक्षात राजस्थान, मध्य प्रदेश, बिहार आणि उत्तर प्रदेश यांची स्थिती आपल्यापेक्षा वाईट आहे.

हे सूत्र लावले गेले ते १९५१ च्या जनगणनेवर, आणि खरी गोम तेथे आहे. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ साली सुमारे ३ कोटी २० लाख लोक होते. पहिल्या ५० लाखांच्या पाच जागा, उरलेल्या २ कोटी ७० लाखांच्या १३ आणि शेवटच्या तुकड्याची एक, मिळून १९. आजही त्या १९ च आहेत. त्या वेळी तमिळनाडूच्या क्षेत्रात ३ कोटी १ लाखाच्या आसपास लोक होते आणि त्याच हिशेबाने त्यांच्या वाट्याला १८ जागा आल्या. दोन्ही राज्ये जवळजवळ तोलामोलाची होती आणि एका जागेचा फरक रास्तच होता. २०११ साली महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांवर पोहोचला आणि तमिळनाडू ७ कोटी २१ लाखांवर. दोहोंतील अंतर १९ लाखांवरून ४ कोटींवर गेले. जागांतील अंतर मात्र एकाचेच राहिले. केरळच्या नऊ जागांचे गणितही १९५१ च्या आकड्यांवर चोख जुळते, आणि उत्तर प्रदेशच्या मूळ ३४ जागांचेही, ज्यांतील तीन पुढे उत्तराखंडाकडे गेल्या. नव्या राज्यांच्या निर्मितीने जागांची फोड झाली, पण त्यांच्या बुडाशी असलेली लोकसंख्या सात दशकांपूर्वीचीच राहिली.

लोकसभेच्या बाबतीत निदान वाद तरी जाहीरपणे होतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या राज्यवार जागा गोठवल्या, पुढे ८४ व्या दुरुस्तीने ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली, आणि दक्षिणेकडील राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून त्यांना शिक्षा का, हा युक्तिवाद सर्वांच्या कानावर आहे. राज्यसभेची गोठवणूक कोणी जाहीर केलेली नाही. अनुच्छेद ८२ प्रमाणे दर जनगणनेनंतर फेरवाटप करण्याची तरतूद राज्यसभेसाठी मुळातच नसल्यामुळे ती आपोआप झाली आहे.

समजा, उद्या संसदेने ठरवले की २३३ निर्वाचित जागा २०११ च्या लोकसंख्येच्या अचूक प्रमाणात वाटायच्या. मग सुमारे ५२ लाखांमागे एक जागा पडते आणि महाराष्ट्राला २१ किंवा २२ जागा मिळतात. म्हणजे सगळा अन्याय दूर करूनही महाराष्ट्राच्या पदरात दोन-तीन जागांची भर पडते. उत्तर प्रदेशाला सात, बिहारला चार आणि राजस्थानला तीन जास्तीच्या जागा मिळतील. तमिळनाडूच्या चार आणि केरळच्या दोन-तीन कमी होतील. गोवा, सिक्कीम, ईशान्येची आणखी सहा लहान राज्ये आणि पुद्दुचेरी अशा नऊ एकसदस्यीय घटकांची एकत्रित लोकसंख्या १ कोटी ७३ लाख आहे. प्रमाणानुसार त्यांना तीन जागा पुरल्या असत्या, आज नऊ आहेत. सहा जागांचे हे झुकते माप काढून घेतले तर मिझोराम किंवा अरुणाचल यांना वरिष्ठ सभागृहात बोलायला माणूसच उरणार नाही, आणि मग संघराज्याचे सभागृह वेगळे कशासाठी ठेवायचे, हा प्रश्न येतो. प्रस्तुत लेखकाला ही सहा जागांची किंमत महाग वाटत नाही. १९५१ चा आकडा धरून बसणे मात्र समर्थनीय वाटत नाही. ती दोन वेगळी प्रकरणे आहेत आणि अभ्यासिकेतील वादात ती नेहमी एकमेकांत मिसळली जातात.

एका जागेने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. ५ सप्टेंबर १९७० रोजी संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. दोनतृतीयांशासाठी १४९.३३ हवी होती. एका मताच्याही तुकड्याने विधेयक पडले. १९८९ साली पंचायत राज आणि नगरपालिका यांच्या घटनादुरुस्त्या लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडल्या, आणि ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा मिळायला १९९३ उजाडले. घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेता येत नाही, म्हणून या सभागृहातील एकेक जागा मोलाची असते.

आता या प्रकरणाचा दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग. महाराष्ट्राला २२ जागा मिळाल्या असे धरून चाला. त्याने नंदुरबारला काय मिळेल? तीन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ७९ लाख २९ हजार आहे. जळगाव ४२ लाख ३० हजार, धुळे २० लाख ५१ हजार आणि नंदुरबार वर सांगितल्याप्रमाणे. राज्याच्या लोकसंख्येत हा वाटा ७ टक्क्यांच्या किंचित वर आहे. १९ जागांत तो १.३४ जागांचा होतो. विधानसभेत जळगावचे ११, धुळ्याचे ५ आणि नंदुरबारचे ४ असे २० आमदार आहेत, आणि २८८ मध्ये हेही प्रमाण जवळजवळ ७ टक्केच भरते. विधानसभेपर्यंत खान्देशावर अन्याय झालेला दिसत नाही. तो राज्यसभेच्या मतपेटीपाशी सुरू होतो.

राज्यसभेचे सदस्य विधानसभेचे निर्वाचित आमदार एकल संक्रमणीय मताने, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन, निवडतात. एकाहून अधिक जागा असतील तेव्हा प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला जागांच्या संख्येत एक मिळवून भागायचे आणि येणाऱ्या संख्येत एक मिळवायचा, की विजयासाठी लागणारा कोटा निघतो. महाराष्ट्राच्या १९ जागा दर दोन वर्षांनी सहा, सहा आणि सात अशा टप्प्यांनी रिकाम्या होतात. सर्व २८८ आमदारांनी मतदान केले, तर सहा जागांसाठी कोटा ४११५ आणि सात जागांसाठी ३६०१ येतो. निव्वळ पहिल्या पसंतीवर निवडून यायचे तर उमेदवाराला एका वेळी ४२ आणि दुसऱ्या वेळी ३७ आमदार लागतात. खान्देशाचे २० आमदार सगळे मतभेद विसरून एकत्र आले, तरी ते स्वतःच्या बळावर एकही सदस्य निवडून देऊ शकत नाहीत. गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार आहेत आणि जागा एकच, त्यामुळे २१ आमदार पुरतात. सिक्कीममध्ये ३२ पैकी १७. गोव्याचा एक आमदार सरासरी साडेछत्तीस हजार लोकांचा प्रतिनिधी असतो, खान्देशाचा जवळजवळ चार लाखांचा.

शिवाय ते २० आमदार एकत्र येणे नियमांमुळे जवळजवळ अशक्य झाले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीने राज्यसभेचे मतदान खुले झाले. आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते. ती न दाखवली किंवा भलत्याला दाखवली तर मत बाद होते. घोडेबाजार थांबावा हा त्यामागचा हेतू होता आणि तो अगदीच फोल ठरला असे म्हणता येणार नाही. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा, की आमदार त्या दिवशी आपल्या मतदारसंघाचा किंवा विभागाचा उरत नाही, तो निखळ पक्षाचा होतो. १० जून २०२२ ची निवडणूक या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते, २८५ मते पडली, त्यांतील एक बाद ठरले, कोटा ४१ च्या घरात आला आणि सहाव्या जागेचा निकाल दुसऱ्या पसंतीच्या मतांच्या हिशेबावर लागला. त्या रात्रभरच्या चर्चेत पक्षांची, अपक्षांची आणि लहान आघाड्यांची मते मोजली गेली. विभागवार मते कोणी मोजली नाहीत, कारण त्या गणितात विभागाला स्थानच नव्हते.

त्याच २००३ च्या कायद्याने आणखी एक अट काढून टाकली. राज्यसभेचा उमेदवार संबंधित राज्यातील मतदार असला पाहिजे, हे बंधन गेले. भारतातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघात नाव असले की पुरे. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली फेटाळले आणि राज्यातील रहिवास हा संघराज्य तत्त्वाचा अनिवार्य भाग नाही असे सांगितले. २०१६ ते २०२२ या काळात तमिळनाडूचे पी. चिदंबरम महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते, २०२२ मध्ये उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी आले. व्यक्ती म्हणून त्यांच्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. राष्ट्रीय पक्षांना दिल्लीत आपली माणसे हवी असतात आणि ज्या राज्यात आमदार जास्त तेथून ती जातात. प्रश्न वेगळा आहे. ज्या जागा लोकसंख्येच्या तुलनेत आधीच कमी आहेत, त्यांतील काही राज्याबाहेर गेल्यावर उरलेल्या जागा मुंबई, पुणे आणि पश्चिम महाराष्ट्राच्या ओढाताणीतून वाचून तापीच्या खोऱ्यापर्यंत येणार कशा?

खान्देशाला या सभागृहात कधी जागाच मिळाली नाही असे मात्र नाही. प्रतिभाताई पाटील १९८५ मध्ये राज्यसभेवर गेल्या आणि १९८६ ते १९८८ या काळात उपसभापती होत्या. जामनेरचे ईश्वरलाल जैन २०१० ते २०१६ या काळात सदस्य होते. जुलै २०२५ मध्ये जळगावचे ॲड. उज्ज्वल निकम यांची राष्ट्रपतींनी नियुक्ती केली, पण नामनिर्देशित सदस्य राज्याच्या १९ मध्ये मोजले जात नाहीत. ही नावे पक्षांतर्गत वजनाने किंवा वैयक्तिक लौकिकाने आली. विभागाचा हक्क म्हणून त्यांतील एकही आले नाही, आणि तसा हक्क घटनेत नाहीच. अनुसूचित जमातींसाठी राज्यसभेत आरक्षण नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी समाज ६९ टक्के आहे. लोकसभेची तेथील जागा राखीव असल्यामुळे माणिकराव गावितांसारखा प्रतिनिधी सलग नऊ वेळा निवडून जाऊ शकला. वरिष्ठ सभागृहाकडे जाणारी तशी वाट नाही.

यावर एक उत्तर दिले जाते, आणि ते कमकुवत नाही. राज्यसभा राज्यांची आहे, जिल्ह्यांची नाही. राज्याचा प्रतिनिधी राज्यातल्या प्रत्येक कोपऱ्यासाठी बोलतो. जिल्ह्यांचे बोलायला लोकसभा आहे. गोव्याचे विधिमंडळ, त्याचे कायदे आणि त्याचा महसूल वेगळा आहे, त्यामुळे केंद्राच्या प्रत्येक निर्णयात गोवा सरकार हा एक पक्षकार असतो. नंदुरबार तसा नसतो. तत्त्व म्हणून हे मान्य आहे. ते व्यवहारात कोठे अपुरे पडते, याचे उदाहरण मात्र याच जिल्ह्यात आहे. नर्मदा पाणीवाटप लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. सरदार सरोवरातून महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा आणि पाण्याचा अगदी छोटा हिस्सा मिळाला. बुडाली ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे. राज्य म्हणून महाराष्ट्राचे हित वीज मिळण्यात होते, तर मणिबेली आणि तिच्या शेजारच्या गावांचे हित जमीन, जंगल आणि पुनर्वसन यांत होते. आंतरराज्य नदीचा तंटा हा खरे तर राज्यांच्या सभागृहाचा हक्काचा विषय. अशा विषयात 'महाराष्ट्राचा आवाज' कितीही बुलंद झाला, तरी तो त्या ३३ गावांचाच आवाज असेल असे गृहीत धरता येत नाही. राज्याच्या पोटातले मतभेद राज्याच्या प्रतिनिधित्वात विरून जातात, आणि राज्य जितके मोठे तितके ते अधिक विरतात. सिक्कीमच्या एका सदस्याला निदान उत्तर सिक्कीमची गावे नावानिशी ठाऊक असण्याची शक्यता जास्त असते.

येथे स्थलांतराचीही गोष्ट यायला हवी, कारण लोकसंख्येवर आधारलेले कोणतेही सूत्र माणूस कोठे मोजला गेला यावर चालते. खान्देशातून कामासाठी सुरतेला गेलेली कुटुंबे उधना-लिंबायत भागात मोजली जातात आणि गुजरातच्या आकड्यात जमा होतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून लोकसभेवर निवडून जातात, यात नवल वाटण्यासारखे काही राहिलेले नाही. दुसरीकडे महाराष्ट्राचा आकडा फुगला तो बराचसा मुंबई, ठाणे आणि पुण्यात. नव्या जनगणनेवर महाराष्ट्राला वाढीव जागा मिळाल्या, तर त्या वाढीचे श्रेय ज्या पट्ट्याचे असेल तेथेच त्यांची वर्णी लागेल, हा अंदाज बांधायला ज्योतिषाची गरज नाही.

मग उपाय कोणते, याविषयी दोन मते पुढे येतात. केंद्र-राज्य संबंधांवरील पुंछी आयोगाने २०१० च्या अहवालात सर्व राज्यांना राज्यसभेत समान जागा द्याव्यात अशी शिफारस केली. वस्तू व सेवा कर परिषदेत राज्यांच्या मतांचे वजन समान आहे, तेव्हा हा विचार आपल्याकडे अगदी परका नाही. तो मान्य झाला तर महाराष्ट्राच्या जागा १९ वरून आठ-नऊवर येतील आणि खान्देशाच्या वाट्याची शक्यता आणखी आक्रसेल. दुसरे मत लोकसंख्येच्या प्रमाणात फेरवाटप करण्याचे. त्याचा हिशेब वर दिला आहे आणि नंदुरबारच्या दृष्टीने त्यातून फारसे काही हाती येत नाही. तिसरी एक गोष्ट कायद्याने सहज करता येण्यासारखी आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते : २००३ ची रहिवासाची दुरुस्ती मागे घेणे. न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आहे, आवश्यक ठरवलेली नाही, त्यामुळे साध्या बहुमताच्या कायद्याने संसद जुनी अट परत आणू शकते. त्याने विभागाला हक्क मिळणार नाही, पण १९ जागा १९ महाराष्ट्रवासीयांमध्ये तरी वाटल्या जातील आणि पक्षांना उमेदवार शोधताना मुंबईच्या पलीकडे पाहावे लागेल. त्यापुढचे पाऊल पक्षांच्या घटनांमध्ये टाकायचे आहे : सहा वर्षांच्या एका फेऱ्यात राज्यातील प्रत्येक महसूल विभागाला किमान एक उमेदवारी द्यायची, असे बंधन कोणत्याही पक्षाला आज स्वतःहून घालून घेता येते. त्यासाठी दिल्लीत काहीही मंजूर करावे लागत नाही.

जागांची संख्या बदलायची असेल तर रस्ता बराच खडतर आहे. अनुच्छेद ८० ने राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांच्या प्रतिनिधींवर २३८ ची मर्यादा घातली आहे, त्यामुळे आजच्या २३३ वर फार तर पाचांची भर पडू शकते. संसदेतील राज्यांच्या प्रतिनिधित्वाला हात लावणारी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने आणि निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांच्या संमतीने व्हावी लागते. त्या संमतीत गोव्याचे आणि महाराष्ट्राचे वजन एकसारखे आहे. अपवाद एकच, नवे राज्य निर्माण होते तेव्हा अनुच्छेद ४ खाली साध्या कायद्याने चौथी अनुसूची बदलता येते, आणि १९६० साली महाराष्ट्राचा १९ हा आकडा तसाच आला. आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे आले की लोकसभेच्या जागांचा वाद नव्याने पेटेल. चौथ्या अनुसूचीतील आकडे बदलण्याची तरतूद मात्र त्या जनगणनेशी कोठेही जोडलेली नाही.